मालनच्या पायातलं जोडवं

"पाय ढिला सोड," मी म्हणालो.

"सोडलाय की."

सोडला नव्हता. पोटरी दगडासारखी लागत होती. मालन भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिचा उजवा पाय मी मांडीवर घेतला होता. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून नखापर्यंत सुजलं होतं. एरवी सांधा सुजला तर सांध्यापाशीच फुगतो. हे बोट सगळंच एका जाडीचं झालं होतं, लांबट वांग्यासारखं, आणि आता रंगही तसाच व्हायला लागला होता. मधे जोडवं रुतलेलं. साबणाचं पाणी लावून झालं, खोबरेल लावून झालं, दोरा गुंडाळून ओढून झालं. जोडवं जागचं हललं नाही.

"कापूया," मी म्हणालो.

"नाव काढू नका."

"बोट जाईल."

"गेलं तर गेलं. तुम्ही जित्ते असताना जोडवं कापायचं, आणि ते बी आपल्या रोहिणीचं कार्य तोंडावर आलंय तवा?"

आम्ही हुपरीचे. आमच्याकडे घरोघरी चांदीचं काम चालतं. मी पैंजणांच्या पट्ट्या घडवायचो, मालन साखळीच्या कड्या जोडायची. तिचं जोडवंही मीच केलेलं. जोडव्याला खालच्या बाजूला फट ठेवतात, म्हणजे बोट जाड झालं तर सैल करता येतं. लग्नानंतर लवकरच तिचं एक जोडवं शेतात पडलं. ते सापडेपर्यंत तिने अन्न घेतलं नाही. तेव्हा मी ती फट वितळलेल्या चांदीची झाळ लावून बंद करून टाकली. पुन्हा पडणार नाही असं पक्कं केलं.

बोटाच्या आधी टाच धरली होती. सकाळी उठल्यावर पहिली पावलं ती भिंतीला धरून टाकायची. मग हाताची बोटं आखडायला लागली. ऊन अंगणात येईपर्यंत तिला मूठ वळता यायची नाही, भाकरी थापता यायची नाही. दुपारनंतर हात मोकळे व्हायचे, म्हणून शेजारपाजारच्या बायका हसायच्या. सकाळच्या कामाचा कंटाळा, म्हणायच्या. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. वाताची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. काही नाही म्हणाले, दुखण्याच्या गोळ्या दिल्या. काही नाही हे ऐकून ती खूष झाली नाही. रिपोर्ट घडी करून ठेवला आणि म्हणाली, म्हणजे मी सोंग करतेय.

आणखी एक गोष्ट होती. ती आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. मालनच्या डोक्यात, मागच्या बाजूला, अंबाड्याच्या खाली तळहाताएवढा चट्टा होता. त्यावर पांढऱ्या खपल्या यायच्या, चांदीच्या पातळ पत्र्यासारख्या. तिच्या आईला तसाच कोपरांवर होता. त्याच्यामुळे मालनच्या थोरल्या बहिणीचं लग्न सुपारीच्या दिवशी मोडलं. पाहुण्यांनी महारोग म्हणून गावभर केलं. ती बहीण पुढे तशीच राहिली. मालनने हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिने रडत रडत मला चट्टा दाखवला, आणि मी म्हणालो, असू दे, झाकून ठेव. तेव्हापासून तिचा पदर डोक्यावरून खाली आला नाही. बायका म्हणायच्या, केवढी मर्यादेची बाई.

रोहिणी आमची एकुलती एक मुलगी. मिरजेचं स्थळ आलं होतं. मुलगा रणजित, दूध संघात नोकरीला. पसंती झालेली, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. त्याची आई गोदाक्का मिरजेत दवाखान्यांच्या भागात खानावळ चालवायची. पेशंटबरोबर आलेली माणसं तिच्याकडे जेवायची. नवरा गेल्यावर एकटीने उभी केलेली खानावळ. जीभ तिखट, हात सैल. तिचं बोलणं सुरू झालं की मधे टाचणी शिरायची नाही.

जोडवं निघेना त्याच दिवशी दुपारी पैंजण बघायला म्हणून गोदाक्का आली. मालन पाणी घेऊन बाहेर आली, ती लंगडतच.

"हे काय गं बाई?" गोदाक्का म्हणाली. "आमाला लंगडी विहीण चालती, पर आधी सांगायचं तरी."

तिने पाय बघितला आणि हसणं थांबवलं. उद्या पहिल्या गाडीने मिरजेला यायचं, तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सांध्यांचा डॉक्टर तिच्या ओळखीचा होता. शिकत होता तेव्हा तिच्या ताटात जेवलेला, अजून डबा तिचाच. मोठी रांग असते, पण मी उभी राहिले की तो नाही म्हणत नाही, असं तिने दोनदा सांगितलं. मालन म्हणाली, बरं वाटेल आपोआप. मी म्हणालो, कार्य झाल्यावर बघू. गोदाक्का आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. नको म्हणायला आमच्याकडे काही कारण नव्हतं. जास्त नको म्हटलं असतं तर तिला कारण शोधावंसं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत मालन खिडकीशी बसली.

"डॉक्टर काय काय विचारतील?" तिने विचारलं.

"पायाचं विचारतील."

"डोस्क्याचं न्हाई न्हवं?"

"पायाचा आणि डोक्याचा काय संबंध?"

ती बाहेर बघत म्हणाली, "ते बी खरं."

डॉक्टरांची खोली लहान होती. टेबल, तपासायचा बाक, भिंतीवर हाडांचं चित्र, आणि आम्हा तिघांसाठी तीन स्टुलं. गोदाक्का आत येणार नाही असं मी धरून चाललो होतो. ती सगळ्यात शेवटी आत आली, दार लावून घेतलं आणि दारालाच टेकून स्टूल मांडून बसली.

डॉक्टर नेर्लेकर वयाने लहान, अंगाने बारीक. आधी तिलाच म्हणाले, "मावशी, काल आमटीत मीठ नव्हतं."

"तुझा पगार वाढल्यावर घालते," ती म्हणाली.

मग ते मालनकडे वळले आणि थट्टा संपली. एकेक सांधा दाबून बघितला. टाचेच्या मागे, शीर हाडाला चिकटते तिथे अंगठ्याने दाबलं तेव्हा मालनने ओठ आवळले. सकाळी आखडलेलं अंग किती वेळाने सुटतं, कामाने वाढतं की कमी होतं, हे नीट विचारलं. कामाने कमी होतं, ती म्हणाली. ते म्हणाले, तुम्ही आळशी नाही, झिजेचं दुखणं कामाने वाढतं, सुजेचं दुखणं हालचालीने कमी होतं. मालनने माझ्याकडे बघितलं. एवढ्या महिन्यांत कुणी तिला हे म्हटलं नव्हतं.

मी रिपोर्ट पुढे केला. म्हणालो, यात काही निघालं नाही.

"काही निघालं नाही, हीपण एक खूण आहे," डॉक्टर म्हणाले. "मला ज्या आजाराची शंका येतेय त्याला एक अशी तपासणी नाही. आम्ही खुणा जुळवतो, प्रत्येक खुणेला गुण देतो. तीन गुण झाले की तो आजार धरायचा. बोट सगळंच्या सगळं सुजलंय, तो एक. वाताची तपासणी निगेटिव्ह, तो दुसरा. तिसऱ्याशी अडलंय." मग त्यांनी मालनला विचारलं, "अंगावर कुठे चट्टा आहे? खाज, खपली?"

"न्हाई," मालन म्हणाली.

"पूर्वी कधी?"

"न्हाई."

"आई-वडील, भावंडं? कोपरावर, गुडघ्यावर?"

"कुणालाच न्हाई."

तिन्ही वेळा ती चटकन बोलली. टेबलाखाली तिने माझा गुडघा धरला होता. बोटं दुखत असताना एवढा जोर तिच्यात कुठून आला कळलं नाही. माझ्या पाठीला गोदाक्काची नजर लागत होती.

"चट्टा दिसला तर एकट्याचे दोन गुण असतात," डॉक्टर म्हणाले. "लगेच औषध सुरू करता येतं. खात्री नसेल तर मी ते औषध देणार नाही, ते भारी आहे. दोन महिन्यांनी परत बघू. पण हा आजार दोन महिने थांबत नाही. तो हाड खातो, आणि वाकडं झालेलं बोट परत सरळ होत नाही."

मी मागे वळून म्हणालो, "अक्का, तुमची खानावळ उघडायची वेळ झाली असंल. आम्ही येतो की मागनं."

"पोरं हाईत तिथं," ती म्हणाली. "बसा तुमी, पावणं."

"चहा तरी घ्या बाहेर."

"जलमभर लोकांस्नी चहा पाजते मी. मला बाहेरचा चहा कशाला?"

यापुढे काय बोलणार? अक्का, जरा बाहेर थांबा, असं म्हटलं की सगळं सांगितल्यासारखंच होतं. बोललो तर मुलीचं जातंय, गप्प बसलो तर बायकोचं. दार तिच्या पाठीमागे होतं.

डॉक्टरांनी मालनचा हात उजेडात धरला. नखांवर बारीक खड्डे होते. पट्टीवर नक्षी करताना आम्ही टोच्याने बारीक ठिपके मारतो, तसे. ते मी रोज बघत होतो. आमच्या गल्लीत असं नख दिसलं की म्हणतात, चांदीनं नख खाल्लं.

"हे कधीपासून?"

"ते कामाचं आहे," मी म्हणालो. "कड्या नखावर धरून जोडतात. तेजाब, रिठा. आमच्याकडे सगळ्यांची अशीच होतात."

"तुम्ही पण तेच काम करता?"

"तिच्या आधीपासून."

"हात दाखवा."

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. आमचे चार हात शेजारी शेजारी. माझी नखं काळी, कडांना जळलेली, एक मधोमध चिरलेलं. डॉक्टरांनी भिंग घेऊन बघितलं. खड्डा एकही नव्हता. मी स्वतः वाकून बघितलं. इतकी वर्षं दोघांचे हात रिठ्याच्या एकाच परातीत होते आणि मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते.

मग ते उठून मालनच्या पायाशी गेले. सुजलेल्या बोटाच्या नखावर तसेच खड्डे होते, आणि नख टोकाकडून सुटून पिवळं पडलं होतं.

"पायाने पण कड्या जोडता का हो?" त्यांनी विचारलं.

मालन नाही म्हणाली. गोदाक्का हसली.

"झाले तीन," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला बसले. सोरायसिसचा सांधेवात, त्यांनी नाव सांगितलं. काहींना आधी कातडीवर दिसतो, काहींना सांध्यात, काहींना कातडीवरचं इतकं थोडं असतं की त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. फार उशीर झालेला नाही, अजून हाडं शाबूत असावीत, फोटो काढून बघू. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, रोज नाही. रक्ताची तपासणी मधून मधून. आणि ते जोडवं आजच्या आज कापा.

मालनने माझा गुडघा सोडला. सुटलो. न सांगता सुटलो. औषधही मिळालं आणि पदरही जागेवर राहिला. मी पिशवी उचलली.

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "मुलं किती? हे घराण्यात येऊ शकतं. येईलच असं नाही. पण मुलाबाळांपैकी कुणाच्या डोक्यात, कानामागे खपली दिसली, आणि पुढे कधी टाच धरली, बोट सुजलं, तर तुमच्यासारखं थांबायचं नाही. लपवायचं तर अजिबात नाही."

"चला," मी मालनला म्हणालो.

ती उठली नाही.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली.

तिने डोक्यावरचा पदर काढला. मग अंबाड्यातले आकडे काढायला लागली. बोटं वळत नव्हती, एक आकडा निसटून खाली पडला. मला वाटलं तिला भोवळ आली असेल, काही कळत नसेल. दुसरा आकडा तिला निघेना. तेव्हा स्टूल सरकल्याचा आवाज आला. गोदाक्का मागून आली आणि तिने तो आकडा काढला. केस सुटले. गोदाक्काने ते दोन्ही हातांनी उचलून बाजूला धरले, आणि डॉक्टर बघत होते तोवर धरून ठेवले.

"किती वर्षं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लग्नाच्या आधीपासनं. माझ्या आईला बी होतं," मालन म्हणाली. भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत म्हणाली.

गोदाक्काने केस खाली सोडले, पडलेला आकडा उचलून मालनच्या हातात दिला आणि दार उघडलं.

खानावळीपर्यंतच्या वाटेवर ती पुढे चालत होती. जेवायला चला म्हणाली एवढंच. बाकं रिकामी होती. मला ताट वाढलं, आमटी, भाकरी, वांगं, आणि मालनला ती आत घेऊन गेली. स्वयंपाकघराचं दार लोटलं. मला भांड्यांचे आवाज येत होते, बोलणं कळत नव्हतं. मधे भांड्यांचेही आवाज थांबले. घास तोंडात फिरत राहिला. मनात मी तेव्हाच सुपारी मोडून ठेवली होती. गावात काय सांगायचं तेही ठरवत होतो. पत्रिका जुळली नाही म्हणायचं. आणि मालनचा राग येत होता. सुटलो असताना हिने का उघडं केलं?

दार उघडलं. गोदाक्काच्या हाताला पीठ होतं.

"पावणं, हत्यार आणलंय न्हवं?"

मी आणलं होतं. बारीक पात्याची करवत, पत्र्याची पट्टी, दोन पकडी. कालपासून पिशवीत घेऊन फिरत होतो.

मालनला बाकावर बसवलं. मी खाली बसणार, तेवढ्यात गोदाक्का फरशीवर बसली आणि मालनचा पाय तिने स्वतःच्या मांडीवर घेतला. आमच्याकडे लग्नात मुलीची आई विहिणीचे पाय धुते. मुलाच्या आईने मुलीच्या आईचा पाय धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मालन पाय ओढून घ्यायला लागली.

"अक्का, नगा. माझा पाय धरू नगा."

"गप बस. हलू नगंस, न्हाईतर बोट कापंल तुझा दादला."

मी जोडव्याच्या खाली पट्टी सरकवली. कातडी सोलून निघाली, रक्त आलं. मालनने डोळे मिटले. माझ्याच हाताची झाळ शोधून त्यावर पातं ठेवलं. चांदी मऊ असते, तरी फार वेळ लागल्यासारखं वाटलं. जोडवं तुटलं तसं दोन पकडींनी टोकं लांब केली. बोटावर खोल खाच राहिली होती, पांढरी. बघता बघता तिच्यात लाली आली.

गोदाक्काने पदराने रक्त टिपलं. तशीच खाली बघत म्हणाली, "मांडवात माझं पाय धुवाय तुला खाली बसाय यायला पायजे, मालन. मी उभ्या बाईकडनं पाय धुवून घ्यायची न्हाई. औषध चुकवू नगंस."

त्या दिवसापर्यंत ती तिला मालनताई म्हणायची.

"आणि बुधवारी रोहिणीला घिऊन ये," ती म्हणाली.

मला वाटलं, साड्या बघायला.

परतीच्या गाडीत मी मालनला विचारलं, बुधवारी साड्यांची दुकानं बंद असतात ना? हातकणंगले आलं तेव्हा ती म्हणाली, "साड्यांला न्हाई. डॉक्टरकडं. रोहिणीच्या कानामागं हाय. उन्हाळ्यापासनं. माझ्यागतच."

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी म्हणाला असता, झाकून ठेव."

पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून बघितलं. मालनने आवाज कमी केला.

"माझं झाकलेलं तुमच्यापुढं तरी उघडं हुतं. तिनं तिथं कुणापुढं उघडं करायचं? टाच धरली तरी हसत ऱ्हायची ती. मला म्हाईत हाय कसं ऱ्हातात."

"अक्का काय म्हणाल्या?"

"पीठ मळत हुत्या. म्हणाल्या, रणजितला इचारते. मग म्हणाल्या, न्हाई, इचारत न्हाई, सांगते."

मी कापलेलं जोडवं खिशातून काढलं. घरी गेल्यावर थोडं मोठं करून झाळून देतो म्हणालो. तिने ते माझ्या हातातून घेतलं, टोकांमधली फट बघितली आणि रुमालात बांधलं.

"असंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

लग्न झालं. मालन मांडवात खाली बसली, पाय धुतले, आणि माझा हात न धरता उठली. सूज पुढे कधी आली, कधी गेली. डाव्या हाताचं एक बोट थोडं वाकलं, बाकीची सरळ राहिली. रोहिणीला तिच्या सासूने दर वर्षी स्वतः नेऊन दाखवलं. सूज उतरली असेल त्या दिवसांत मालन ते उघडं जोडवं घालायची, सूज आली की काढून ठेवायची. बायका नावं ठेवायच्या. ठेवू देत म्हणायची.

गेल्या वर्षी ती गेली. सांध्यांनी नाही, हृदयाने, सकाळी चहा गाळताना. सवाष्ण गेलेली, म्हणून बायकांनी हिरवी साडी नेसवली, केस विंचरले. रोहिणीने अंबाडा घालताना चट्टा झाकला नाही. उजव्या पायात जोडवं नव्हतं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, असं कसं पाठवायचं? मी आत जाऊन रुमाल घेऊन आलो. एका बाईने विचारलं, तुटकंच घालणार? झाळून तरी घ्या.

गोदाक्का मालनच्या पायाशी बसली होती. ती माझ्याकडे बघून नको म्हणाली, नुसत्या मानेने.

बोट बारीक झालं होतं. जोडवं आत गेलं आणि परत बाहेर घसरलं. मी ते पुन्हा चढवलं आणि दोन बोटांनी टोकं जवळ आणली. फार घट्ट केलं नाही.